एकेचाळीस सेंटीमीटर

मिरजेतला सर्वांत मातृभक्त मुलगा म्हणजे माझा धाकटा भाऊ शिवानंद आवटी. गेल्या तीन वर्षांत त्यानं आईला एक दिवस एकटं सोडलेलं नाही. ती चहा ठेवायला उठली की हा तिच्याबरोबर स्वयंपाकघरात, ती देवळात गेली की हा देवळात, डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेली की तिथंही. रात्री तिच्या उशाशी. दोघांतलं सरासरी अंतर एकेचाळीस सेंटीमीटर. हे कौतुक माझं नव्हे. सरकारी नोंद आहे, खाली हॉस्पिटलचा गोल शिक्का आहे.

शिवू अकरा वर्षं कॅनडात, कॅलगरीला असतो. शेवटचा येऊन गेला त्याला साडेचार वर्षं झाली.

नोंद माझ्या हातात आली ती आई आयसीयूत गेल्याच्या तिसऱ्या दिवशी. सोमवारी सकाळी ती न्हाणीघराच्या दाराशी पडली, डोक्याला मार बसला, आत रक्तस्राव झाला. मंगळवारपासून व्हेंटिलेटर. बुधवारी मला तळमजल्यावरच्या सहवास-कक्षात बोलावलं. कक्ष म्हणजे काचेमागे एक टेबल, एक कॉम्प्युटर आणि तबस्सुम मुजावर नावाची मुलगी. मी याच गावात रक्तपेढीत एकतीस वर्षं काढली आहेत, त्यामुळे हॉस्पिटलांतली निम्मी मंडळी मला मावशी म्हणतात. तीही म्हणते.

"मावशी, सुशीलाबाईंचे निकटतम शिवानंद आवटी निघालेत. निर्णय त्यांचा लागेल. कुठं आहेत ते?"

"कॅलगरीला."

तिनं स्क्रीनकडे बघितलं, मग माझ्याकडे. "इथं तर तुमच्या पिशवीत दाखवतंय."

पिशवीत आईचा बटवा होता, आणि बटव्यात शिवूचा फोन.

हा सगळा प्रकार समजायला आधी फोन कसे मोजतात ते समजावं लागतं. मला ते रक्तपेढीतल्या शीतपेट्यांची गाडी कुठवर आली हे बघता बघता कळलं. मूळ गणित साधं आहे. आकाशातले उपग्रह सतत एकच गोष्ट ओरडत असतात: आत्ता किती वाजले. फोन ते ऐकतो आणि ऐकू यायला किती उशीर झाला ते काढतो. लहर प्रकाशाच्या वेगानं येते, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागात साधारण एक फूट. उशीर कळला की अंतर कळलं. तीन उपग्रहांपासूनची अंतरं मिळाली की जागा मिळाली. चौथा लागतो तो फोनच्या स्वस्त घड्याळाची चूक धरायला. जुन्या फोनांची अडचण तिथंच होती. घड्याळ स्वस्त, त्यात माणूस घरात शिरला की लहरी भिंतींवर आपटत आपटत येणार. त्यामुळे माणूस घरी आहे एवढं समजायचं. कुठल्या खोलीत, ते नाही.

पाचेक वर्षांपूर्वी फोनमध्ये तांदळाच्या दाण्याएवढं अणुघड्याळ बसवायला लागले. मग घरातल्या घरात उपग्रहांची गरज उरली नाही. दोन फोन एकमेकांना हाक मारतात, ओ यायला किती वेळ लागला ते मोजतात आणि आपसांतलं अंतर बोटाबोटानं ठरवतात. सेकंदाला दहा वेळा, मालक घोरत असला तरी. अशी अंतरं वर्षानुवर्षं साठली की कोण कुणाजवळ राहतं हे कुणाला विचारावं लागत नाही.

सरकारनं त्याचा नियम केला. कारण होतं. आयसीयूच्या दारात नातेवाइकांच्या मारामाऱ्या व्हायच्या. दहा वर्षांत काकाचं तोंड न बघितलेला पुतण्या येऊन सही करून जायचा आणि सून बाकावर बसून राहायची. तेव्हा ठरलं, की रुग्णाला बोलता येत नसेल आणि त्यानं काही लिहून ठेवलं नसेल, तर रक्ताच्या किंवा लग्नाच्या नात्यातल्या ज्या माणसाचा फोन गेल्या तीन वर्षांत सर्वांत जास्त वेळ त्याच्या तीन मीटरच्या आत होता, तो निकटतम. निर्णय त्याचा. मला हा नियम फार पटला होता. माणसं खोटं बोलतात, फोन कशाला बोलेल, असं मी आमच्या ह्यांना जेवताना सांगितल्याचं आठवतं. हे म्हणाले, "ताक वाढ."

आईजवळ मोजायला फोन नव्हता, पट्टा होता. मनगटावरचा, पडल्याची सूचना देणारा. मीच आणला, मीच बांधला, आंघोळीलाही काढायचा नाही म्हणून मीच दम दिला. त्या पट्ट्यापासून कुणाचा फोन किती लांब, एवढंच यंत्रानं बघितलं.

आणि शिवूचा फोन? तो जाताना आपलं इथलं सिम आईकडे ठेवून गेला होता. परदेशी जाणारी आमच्याकडची सगळी मुलं ठेवतात. इथली बँक, इथला गॅस, इथला विमा, सगळ्यांचे ओटीपी इथल्या नंबरावर येतात. मग तिकडून व्हिडिओ कॉल करायचा, "आई, आला का बघ," आणि आईनं चष्मा लावून सहा आकडे वाचायचे. तीन वर्षांपूर्वी जुन्या फोनवर बँकेचं ॲप चालेना, तेव्हा त्यानं मित्राबरोबर नवा फोन पाठवला, दाण्याएवढं घड्याळ असलेला. सुरुवातीला आई तो कपाटात ठेवायची. एकदा ती गच्चीवर पापड वाळत घालत होती, ओटीपी आला आणि गेला, आणि शिवू म्हणाला, "आई, एवढं एक काम तुला सांगितलंय." त्याच दिवशी तिनं फोनला बटवा शिवला. बटवा गळ्यात. रात्री उशीखाली. आंघोळीपुरता न्हाणीघराबाहेरच्या स्टुलावर.

माझा फोन मात्र आईच्या घरात कधी शिरला नाही. आम्ही समोरासमोरच्या इमारतींत राहतो, मध्ये बारा फुटांची गल्ली. रक्तपेढीचा फोन कधीही येतो, आला की मला उठावं लागतं. आई म्हणायची, "आलीस की तो डबा घरी ठेवून येत जा, नंदा. तू बसतीस आणि तुझा कान भाईर असतोय." तेव्हापासून फोन घरी चार्जिंगला लावायचा आणि मोकळ्या हातानं जायचं. पेढीतून कॉल आलाच तर आमचे हे गॅलरीत येऊन ओरडायचे, "अगं ए, पेढी!" रोज सकाळी एक तास, संध्याकाळी अडीच. तीन वर्षांचे तीन हजार आठशे तास होतात. गुणाकार मी तिथं काचेसमोर उभ्या उभ्या केला.

नोंदीत होतं: शिवानंद आवटी, पंचवीस हजार नऊशे बारा तास. महानंदा पट्टणशेट्टी, एकशे बारा तास. त्यातले सत्तर तरी दवाखान्यांच्या रांगांमधले. भांडी घासायला येणाऱ्या सुरेखाचे माझ्या आठपट निघाले. तिचा फोन कमरेला खोचलेला असतो. पण ती नात्यात बसत नव्हती.

"तुम्ही दुसऱ्या आहात मावशी," तबस्सुम म्हणाली. सांत्वन करत होती बिचारी. "तक्रार करता येते. एकवीस दिवस लागतात तपासाला. नाहीतर त्यांनी स्वतः लिहून द्यायचं, की फोन माझ्याजवळ नव्हता."

मी तिथूनच शिवूला कॉल केला. त्याच्याच फोनवरून, त्याला.

"तसं कसं लिहून देऊ, ताई?" तो म्हणाला. "दुसऱ्याच्या ताब्यात सिम देणं गुन्हा आहे आता. माझी तिकडची सगळी खाती गोठवतील. आणि एकवीस दिवस कशाला, मी येतोच आहे. तिकीट बघतोय."

शिवू तिकीट बघण्यात फार तरबेज आहे. वडील गेले तेव्हाही बघत होता.

*

डॉक्टर हंजे बोलायला बरे आहेत. आकडे लपवत नाहीत. "मेंदूचा वरचा भाग काम करत नाही, नंदाताई. श्वास मशीनचा आहे. हृदय चांगलं आहे, त्यामुळे हे असंच महिनाभर चालेल, दोन महिनेही चालेल. जागं होणं, बोलणं, ते नाही."

"दुखतंय का?"

"नसावं."

"नसावं म्हणजे किती टक्के?"

"एवढं मोजायचं मशीन नाही माझ्याकडे."

आई एकदा शेजारच्या चौगुले आजींना बघायला याच मजल्यावर येऊन गेली होती. घरी आल्यावर पाय धुतले, पदराला हात पुसले आणि म्हणाली, "मला असल्या नळ्या लावून ठेवशील तर बघ." मी म्हटलं, कागदावर लिहून ठेवू. "कागद कशाला? तू हैस की."

मी होते. एकशे बारा तास.

नियमाप्रमाणे निकटतमाला दर बहात्तर तासांनी विचारतात: उपचार चालू ठेवायचे की थांबवायचे. त्यानं वेबसाइटवर जाऊन एक बटण निवडायचं, मग त्याच्या फोनवर ओटीपी येतो, तो घालायचा. एका तासात उत्तर आलं नाही तर अधिकार दुसऱ्या क्रमांकाच्या नातेवाइकाकडे जातो. माणूस कुठून बटण दाबतोय हे वेबसाइट विचारत नाही. जागा ती फोनवरून धरते, आणि फोन आयसीयूबाहेरच्या बाकावर माझ्या मांडीवर होता.

बुधवारी सकाळी अकराला तो थरथरला. लगेच शिवूचा व्हिडिओ कॉल. तिकडे झोपायची वेळ. मागे भिंतीवर कोट टांगलेला.

"ताई, मी 'चालू' केलंय. आला का बघ."

"आलाय."

"सांग."

मी चष्मा लावला आणि सहा आकडे वाचले. वाचताना लक्षात आलं की मी दोन दोन आकड्यांनी वाचते आहे, मध्ये थांबून, आई वाचायची तसं.

"झालं," तो म्हणाला. "थँक्यू. कशी आहे?"

"तशीच."

"तू जेवलीस?"

"हो."

ते सात मिनिटं पंधरा सेकंद बोलणं झालं. त्यातली सहा मिनिटं तो विमानतळावरच्या संपाबद्दल बोलत होता.

त्या दिवशी दुपारी मी कामावर गेले. पिशव्या तपासल्या, चिठ्ठ्या चिकटवल्या, एक बी-निगेटिव्ह सांगलीला पाठवली. हात नेहमीसारखे चालत होते. सुट्टी घ्या म्हणून साहेबांनी दोनदा सांगितलं. सुट्टी घेऊन बसायचं कुठं, तर त्याच बाकावर. भेटीची वेळ दहा मिनिटांची, दिवसातून दोनदा. दहा मिनिटांत मी आईच्या पायांना तेल लावायचे आणि बाहेर यायचे. मामेबहीण येऊन गेली. अकरा मिनिटं थांबली, त्यातली चार बाकावर बसायला जागा शोधण्यात गेली, तीन रडण्यात. मला तिचा हेवा वाटला की नाही ते सांगता येणार नाही. तबस्सुमनं विचारलं, "मावशी, तुम्हाला रडू येत नाही का?" मी म्हटलं, "बघते."

शनिवारी दुसरा ओटीपी आला. मी वाचला. तेव्हा मी त्याला म्हणाले, "शिवू, आई म्हणाली होती, नळ्या लावू नका."

"मला नाही म्हणाली कधी."

"मला म्हणाली."

"ताई, रागवू नकोस, पण नोंद काय म्हणते? ती तीन वर्षं माझ्याजवळ होती. मी रोज बोलायचो तिच्याशी. तू गेलीस की ती मला सगळं सांगायची. तू काय भाजी आणलीस ते पण."

"फोन होता तिच्याजवळ."

"तेच."

तो थट्टा करत नव्हता. नोंद वाचून वाचून त्याला ती खरी वाटायला लागली होती, आणि खोटी कुठं आहे हे मलाही बोट ठेवून दाखवता येईना.

*

म्हणून मी तबस्सुमकडे जाऊन पूर्ण आलेख मागितला. दुसऱ्या क्रमांकाच्या नातेवाइकाला तो बघता येतो, सही करून. तिनं खुर्ची दिली. स्क्रीनवर आईच्या घराचा नकाशा आला. भिंती यंत्रानंच काढल्या होत्या, आई तीन वर्षं जिथून कधी गेली नाही त्या जागा जोडून. बरोबर होत्या. पलंग, कपाट, ओटा, सगळं रिकाम्या जागांनी दाखवलं होतं. निळा धागा पट्ट्याचा, भगवा फोनचा.

दोन्ही धागे एकमेकांना बिलगून फिरत होते. ओट्यापाशी, देवापाशी, जिन्यात, देवळाच्या रस्त्यावर. संध्याकाळी साडेसहा ते नऊ निळा धागा खिडकीजवळच्या खुर्चीत एक गाठ होऊन बसायचा, भगवा त्याच्यावर. समोरच्या खुर्चीत काहीच नाही. ती खुर्ची माझी. तिथं यंत्रानं एक कपाट आहे असं समजून चौकोन काढून ठेवला होता.

"काय शोधताय?" तबस्सुमनं विचारलं.

"सोमवार काढ."

सोमवार आला. दहा एकतीसला भगवा धागा न्हाणीघराबाहेर स्टुलावर थांबला, निळा आत गेला. दहा अडतीसला फोनवर व्हिडिओ कॉल सुरू. कॉलचं नाव लिहिलेलं नसतं, वेळ असते. आईनं बहुधा ओल्या हातानं उचलला आणि परत आत गेली. दहा बेचाळीस आणि आठ सेकंदांनी एक मेसेज आला. त्यानंतर सातव्या सेकंदाला निळा धागा हलला. तबस्सुमनं बाजूचा आकडा दाखवला, तो वेग होता. तीन वर्षांत आई त्या वेगानं कधी चालली नव्हती. चार सेकंदांनी निळ्या धाग्याची उंची एकदम जमिनीला आली. फोनपासून नव्वद सेंटीमीटर. दहा त्रेचाळीसला दुसरा मेसेज. कॉल त्यानंतर सहा मिनिटं चालू होता. मग बंद.

पट्ट्यानं थेट रुग्णवाहिकेला कळवलं होतं. मी कामावरून पोचले तेव्हा स्ट्रेचर जिन्यात वळत होतं.

तबस्सुमला कळलं असावं. तिनं माऊसवरचा हात काढून मांडीवर ठेवला. "प्रिंट देऊ का?" तिनं विचारलं.

"नको."

मला वाटलं होतं आता तरी काहीतरी होईल. पोटात, घशात, कुठंतरी. मी वर गेले, भेटीची वेळ होती, पायांना तेल लावलं. डाव्या टाचेला भेग होती. तिथं दोनदा लावलं.

घरी ह्यांना सांगितलं. हे बराच वेळ वाटीत आमटी ढवळत राहिले. मग म्हणाले, "शिवूला सांग. सांगितलंस तर तो उद्या सोडेल तिला. गप बसेल आयुष्यभर."

खरं होतं. एवढी एक नोंद त्याच्यापुढे ठेवली की काम झालं असतं. रविवारी तो दोनदा बोलला, सोमवारी एकदा. सोमवारी म्हणाला, "दिल्लीमार्गे एक मिळतंय, पण सतरा तास थांबायला लागतं." मी "हं" म्हटलं. तोंडात ते वाक्य तयार होतं, दहा बेचाळीस आणि आठ सेकंद. ते मी त्याला दिलं नाही. चांगुलपणा म्हणून नव्हे. ते दिल्यानंतर माझ्याकडे काय उरतं ते मला दिसेना.

*

मंगळवारी अकराला फोन थरथरला. बाकावर मी एकटीच होते. पाठोपाठ कॉल.

"ताई, 'चालू' केलंय. आला का बघ."

"आलाय."

"सांग."

मी चष्मा लावलेला होता. आकडे समोर होते.

"सांगत नाही, शिवू."

"काय?"

"तासभर आहे. तोवर तो आकडा गेला नाही तर अधिकार माझ्याकडे येतो. मी थांबवणार आहे. तुला न सांगता करायचं नव्हतं म्हणून कॉल घेतला."

"ताई, हे बेकायदेशीर आहे."

"नाही. बघितलं मी विचारून. ओटीपी वाचून दाखवणं बेकायदेशीर आहे."

तो काहीतरी इंग्रजीत म्हणाला. मग चढ्या आवाजात सुरू झाला. मी तिच्यावर कायम हक्क सांगितला म्हणाला, त्याला कधी शिरूच दिलं नाही म्हणाला, लग्नानंतरसुद्धा समोरच घर घेतलं म्हणाला. बारा फुटांवर. ते सगळं मी ऐकून घेतलं. बरंचसं बरोबर होतं. घर मी तिथं मुद्दाम घेतलं होतं.

"मी येणार होतो," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"खरंच येणार होतो. तिकीट बुक केलं दोनदा. दोनदा रद्द केलं." आवाज खाली आला. "मला तिथं येऊन ते न्हाणीघर बघायला लागेल, ताई."

मी फोन कानाला घट्ट धरला.

"त्या दिवशी मी लाइनवर होतो. तुला सांगितलं नाही. मी ओटीपी मागवला, ती आतून म्हणाली, आले आले. मग आवाज आला. मला वाटलं बादली पडली. मी म्हटलं, आई लवकर, जातोय तो. परत मागवला. परत म्हटलं, आई लवकर. सहा मिनिटं मी छताकडे बघत होतो. स्टुलावरून छत दिसतं. मला वाटलं, कुणीतरी दार वाजवलं असेल, तिकडे गेली असेल. तिला नाही का सवय, मध्येच उठून जायची."

"माहीत आहे मला."

"काय माहीत आहे?"

"आलेखात आहे सगळं. दहा बेचाळीस."

"कधीपासून?"

"शनिवारपासून."

"बोलली नाहीस."

"काय बोलायचं होतं?"

"शिव्या द्यायच्या होत्यास."

"दिल्या असत्या तर तू सुटला असतास."

हे मी का म्हणाले मला माहीत नाही. तो हसला, किंवा तसला आवाज आला.

"कशाचा होता ओटीपी?" मी विचारलं.

"काही नाही गं. पासवर्ड विसरलो होतो."

आयसीयूच्या दारातून एक ट्रॉली बाहेर आली, वॉर्डबॉयनं मला पाय आत घ्यायला सांगितलं. मी घेतले.

"किती राहिलाय वेळ?" शिवूनं विचारलं.

"चौतीस मिनिटं."

"फोन ठेवू नकोस."

"नाही ठेवत."

चौतीस मिनिटांत आम्ही फार बोललो नाही. त्यानं विचारलं, तिला कुठलं पातळ नेसवलंय. मी म्हटलं, हॉस्पिटलचा गाऊन आहे, हिरवा, मागून नाड्यांचा. तो म्हणाला, तिला आवडलं नसतं. एकदा त्यानं विचारलं, चौगुले आजींचं काय झालं शेवटी. मी म्हटलं, एकोणचाळीस दिवस. तीन मिनिटं राहिली तेव्हा तो म्हणाला, "अजून सांगितलास तर चालेल, ताई." मी चष्मा काढून पिशवीत ठेवला. "नाही," तोच म्हणाला, "राहू दे."

बारा वाजून एक मिनिट झालं. तबस्सुम स्वतः वर आली, हातात टॅब्लेट. त्यावर शिवानंद आवटी ऐवजी महानंदा पट्टणशेट्टी असं आलं होतं. मी दुसरं बटण निवडलं, माझा आकडा घातला, अंगठा ठेवला. डॉक्टर हंजे आले, आणखी एका डॉक्टरांची सही लागते, ते आले. कागद, साक्षीदार, सव्वा तास गेला. शिवू लाइनवरच होता. मधूनच विचारायचा, "आता?" मी म्हणायचे, "अजून नाही."

मग मला आत घेतलं. या वेळी दहा मिनिटांची अट नव्हती. पडदा ओढला. नळी काढताना बाहेर थांबता का म्हणाले, मी नाही म्हटलं. काढल्यावर तोंड लहान दिसायला लागलं. मशीनचा आवाज थांबला आणि तिचा स्वतःचा श्वास ऐकू आला, हलका, दोन श्वासांमध्ये बराच वेळ जाणारा. मी घड्याळाकडे बघितलं नाही. हे बहुधा पहिल्यांदाच.

"ताई?"

"इथंच आहे."

"फोन तिच्या कानाशी धरतेस?"

मी धरला. तो काय म्हणाला ते मी ऐकलं नाही. फोन परत कानाला लावला तेव्हा त्याचा आवाज बसला होता.

"हात गरम आहे का?"

"आहे."

"कुठला धरलायस?"

"डावा."

"उजवा?"

"उजवा चादरीवर आहे. एका हातात फोन आहे ना माझ्या."

आईनं एक श्वास घेतला. मी पुढच्याची वाट बघत होते.

"फोन खाली ठेव, ताई," शिवू म्हणाला. "दोन्ही धर."

मी फोन खाली ठेवला.